आधी आपल्या कानात, मग गावाच्या

कुशाबाई नवी नवरी होऊन वाघदऱ्याला आली, त्याच उन्हाळ्यात तिनं ते भांडण ऐकलं. भावकीतलं लग्न होतं. पंगती उठल्या होत्या आणि मांडवाच्या मागं ती राखेनं पातेली घाशीत बसली होती. कनातीपलीकडून दोन आवाज आले. एक रोहिदास तात्यांचा. तात्या म्हणजे तेव्हाचे गावचे स्पीकरवाले. कर्णा, यंत्र, माईक सगळं त्यांचं. दुसरा आवाज तिच्या नवऱ्याचा होता. मुरारी तेव्हा तात्यांच्या हाताखाली वायरी ओढायचा.

"तात्या, शिट्टी ऐकू आली न्हाई तुमाला?"

"कसली शिट्टी?"

"मंगलाष्टकं चालू असताना कर्णा किंचाळत व्हता. सगळा मांडव कानावर हात ठिवून बसला. नवरदेवाचं घोडं बुजलं!"

"घोडं बुजलं ते तुझ्या थोबाडाकडं बघून."

"हसण्यावारी नेऊ नका. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं कर्णा लावू न्हाई. आना तो माईक हिकडं."

कनातीच्या फटीतून कुशाबाईला एवढंच दिसलं, की तात्यांनी माईक पालथ्या पाटीवर ठेवला, टोपी झटकली आणि जेवणसुद्धा न करता ते घराकडं चालू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बैलगाडीतून कर्णा आणि यंत्र मुरारीच्या दारात येऊन पडलं. सोबत निरोप नाही, काही नाही. कुशाबाईच्या मनात आलं, आपला नवरा बोलला ते खरं होतं. पण खरं बोलायची त्याची तऱ्हा अशी, की समोरच्याला खोटं परवडावं. अशा माणसाबरोबर जन्म काढायचाय, तर मीठ जरा बेतानंच घालायला हवं.

असा मुरारीच्या हाती कर्णा आला आणि पुढं तो मुरारीआण्णा झाला.

मधली काही वर्षं आण्णा आकुर्डीला कंपनीत होते. कायम झाले होते. घरात पंखा आला, कुशाबाईच्या हातात चार बांगड्या आल्या. पण लग्नसराईत रजा मिळेना, म्हणून एका वैशाखात त्यांनी कंपनीच सोडली. सारं गाव म्हणालं, येडं हाय. ज्या नोकरीसाठी लोक कुठून कुठून गाठोडी घेऊन पिंपरी-चिंचवडला येतात, ती ह्यानं कर्ण्यासाठी सोडली! कुशाबाईनं आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी शेजारची गिरजाबाई सांगत आली, "तुझ्या मालकानं काय आवाज लावलाय गं! माझ्या माहेरच्या वस्तीपत्तोर ऐकू गेला." त्यावर कुशाबाईला आतून बरं वाटलं आणि अबोला तिथंच सुटला. जमीन कंपन्यांना गेली, रस्त्याकडेची एक पट्टी तेवढी राहिली, गावात चार-चार मजल्यांची घरं उठली. आण्णांचा कर्णा काही सुटला नाही.

माणूस संशयी. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. आण्णा पाणीसुद्धा फुंकून प्यायचे, आणि त्यांचं तोंड कधी पोळलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. मांडवात यंत्र ठेवलं की त्याच्यापासून हलायचे नाहीत. वायरींना स्वतःची अशी एक गाठ मारायचे, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. पुढारी भाषणाला उभा राहिला की ह्यांचा हात आवाजाच्या कळीवर. "माईक हातात आला की मानसाला आवरत न्हाई, आपुनच आवरावं लागतं," असं म्हणायचे, आणि भाषण लांबलं की हळूच आवाज उतरवायचे. लोकांना वाटायचं, साहेबांचा घसा बसला.

बसायची जागाही ठरलेली. कर्ण्याच्या खाली, डावा कान कर्ण्याकडं करून. आवाज फाटतोय का ते तिथूनच कळतं म्हणायचे. आणि गाणं कुठलंही असो, आधी हेडफोन लावून स्वतः ऐकायचं आणि मगच कर्ण्यात सोडायचं. "आधी आपल्या कानात, मग गावाच्या." हा त्यांचा कायदा. म्हणून तर लग्नात कधी आरती लागली नाही, आणि दहाव्याला कधी हळद लागली नाही.

म्हणजे, परवा-परवापर्यंत लागली नव्हती.

झालं असं. आण्णांचा जुना मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला. मुलानं, प्रज्वलनं, नवा आणून दिला. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारा पोरगा. बापाला चांगली वस्तू द्यावी म्हणून भारीतला आणला. पण त्या मोबाईलला वायर खुपसायचं भोकच नाही! आण्णांनी तो उलटा-सुलटा करून बघितला. "अरं, हेडफोन लावायचा कुठं? यंत्राची वायर लावायची कुठं?"

"आता वायर नसतीय दादा. ब्लूटूथ असतंय. हवेतनं जातंय."

"हवेतनं जातंय म्हंजी कुणाकडंबी जातंय की."

प्रज्वल हसला. पण त्याच महिन्यात दादासाहेबांच्या वडिलांचा दहावा आला. दादासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. वडील नव्वदी पार करून गेलेले. नदीवर सगळा गोतावळा जमलेला. प्रज्वलनं आणलेली ब्लूटूथची डबी आण्णांनी यंत्राला जोडली होती, अभंग मंद आवाजात चालू होता. पिंड ठेवला. अभंग बंद केला. सगळे गप्प. एक कावळा झाडावरून उतरला, दोन पावलं पुढं आला, मान वाकडी केली. आणि तेवढ्यात गर्दीतल्या कुणाच्या तरी मोबाईलनं ती हवा पकडली, आणि कर्ण्यातून हळदीचं गाणं असं फुटलं, की कावळा जो उडाला तो पार नदीपल्याड.

उन्हात ताटकळत बसले सगळे. दुपार कलली तरी कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. दादासाहेबांनी आण्णांपुढं हात जोडले. "आण्णा, आला व्हता वो म्हातारा. तुमी उडवून लावला."

ते हात जोडणं आण्णांना शिवीपेक्षा लागलं. गावात डीजेवाली पोरं तर टपूनच होती. दादासाहेबांच्या नातीचं, स्वरूपाचं, लग्न म्हातारा असतानाच ठरलेलं, पुढच्या महिन्यात. हळदीला डीजे लावायचा असं घरातल्या तरण्यांचं चाललं होतं. पण दादासाहेब जुन्या वळणाचे, म्हणाले, "हळदीला सनई-संबळच पायजे, आन् ते आण्णाच लावत्याल. एक डाव बघू. पुन्हा काई झालं, तर मग मी मधी पडनार न्हाई." गावात दादासाहेबांनी एकदा पाठ फिरवली की बाकीचे तोंड फिरवायला थांबत नाहीत. तेव्हा ही हळद नीट गेली तर कर्णा राहणार, नाहीतर माळ्यावर जाणार. हे आण्णांना माहीत होतं, आणि कुशाबाईलाही.

म्हणून आण्णा ब्लूटूथ सोडून, मोबाईलला वायर जोडणारी डबी आणायला पिंपरीला गेले.

बाजाराच्या मागच्या बोळात रणजीत नावाच्या तरण्या माणसाचं मोबाईलचं दुकान होतं. मूळचा नांदेडकडचा, बोलायला गोड. आण्णा गोड बोलणाऱ्यावर आधी संशय घेत, मग दुकानात पाय ठेवत. त्यानं काय सांगितलं ते आण्णांनी घरी येऊन नक्कल करून दाखवलं.

"म्हनतो कसा, काका, फोनमधलं गाणं आकड्यांत असतंय, ही डबी त्या आकड्यांचा आवाज करती. मी म्हनलं, मग माझा आधीचा फोन काय आकडं वाजवत व्हता? तर म्हनतो, त्याच्यात ही डबी आतच व्हती. आलं का ध्यानात, कुशे? आतली काढली आन् बाहीर इकायला ठिवली. शानी हायेत कंपनीवाली!"

पण डबी घेऊन आले होते. शेपटीएवढी वायर आणि टोकाला मण्याएवढा ठोकळा. ओसरीवर बसून मोबाईलला लावली, हेडफोन घातला, सनई-संबळ लावलं. डोळे मिटले. मग उघडले. हेडफोन काढून ठेवला.

"फसवलं. डावी बाजू मेलीय. संबळच न्हाई."

त्या जुन्या ध्वनिमुद्रणात सनई उजव्या कानात वाजायची आणि संबळ डाव्या. आण्णांचं हे लाडकं गाणं. कुठलंही यंत्र नवं आलं की ह्याच्यावरच पारखायचे.

"मशीनला लावून तरी बघा," कुशाबाई म्हणाली.

"खोटी वस्तू माज्या मशीनला? उद्या आग लागली म्हंजी?"

दुसऱ्या फेरीत काडेपेटीएवढी डबी आली, निळा दिवा लागणारी. तिचीही डावी बाजू मेलेली. प्रज्वल सेकंड शिफ्टला निघाला होता. त्यानं हेडफोन घालून बघितला. "दादा, दोन्ही साइडनं वाजतंय की!"

"तुजं कान प्रेसशॉपनं खाल्लंत. दिवसभर धाड-धाड ऐकून तुला आता सगळंच वाजतंय असं वाटतं."

प्रज्वलनं आईकडं बघितलं. आई भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा संशय मात्र भलत्याच वाटेनं गेला. एका डबीसाठी माणूस किती फेऱ्या घालतो? आणि जाताना इस्त्रीचा सदरा कशाला? पूर्वी पिंपरीला जाऊन आले की बसमध्ये कोण भेटलं, कुणी जागा दिली नाही, सगळं सांगायचे. आता येऊन गप्प बसायचे. हाक मारली तर एकदा ओ द्यायचे, एकदा नाही. सून अनिता म्हणाली, "मामंजींचं काहीतरी चाललंय बघा आत्याबाई. मला तर वाटतं पिंपरीत दुसरं घर केलंय."

"केलं तर केलं. तिला म्हनावं, त्यांच्या कर्ण्याची बॅटरीबी घिऊन जा."

हसण्यावारी नेलं, पण चार दिवसांनी गिरजाबाई आली. तिची लेक कासारवाडीला दिलेली, तिच्याकडून परतताना तिनं आण्णांना पाहिलं होतं.

"कासारवाडीच्या टेशनवर बसल्यालं व्हतं बाकड्यावर. मी हाक मारली, तर वळूनसुदिक बघितलं न्हाई. आन् कुशे, काय करत व्हतं सांगू? लोकल आली की एका कानात बोट घालायचं. ती गेली, पुन्हा आली, की दुसऱ्या कानात."

"बरुबर कुनी व्हतं?"

"न्हाई. पन वाट बघितल्यावानी बसलं व्हतं."

गिरजाबाई गेली आणि कुशाबाईला चहा कडू लागला. वाट बघत होते, म्हणजे कुणाची? दुसरं घर-बिर काही नाही, आण्णांना एकच घर झेपत नव्हतं. मग एजंट! रस्त्याकडेच्या पट्टीवर किती दिवसांपासून जमिनीच्या एजंटांचा डोळा होता. पांढऱ्या गाडीतून यायचे, काका-काकी म्हणायचे, पेढे ठेवून जायचे. आण्णा त्यांना उभं करायचे नाहीत. पण आता कर्णा जाणार या भीतीनं माणसानं परस्पर सौदा केला तर? घरात नको, गावात नको, म्हणून स्टेशनावर भेटत असतील. कानात बोट घालणं ही काहीतरी खूण असणार. कुशाबाईला एकदा संशय आला की तो आण्णांच्या संशयापेक्षाही नीट शिवलेला असायचा.

तेवढ्यात आण्णाच म्हणाले, "कुशे, त्यो रणजीत आता डबी बदलून द्यायला तयार न्हाई. म्हनतो, घरचं कुनीतरी बरुबर आना."

"म्या येते," कुशाबाई लगेच म्हणाली. इतकी लगेच, की आण्णांनी तिच्याकडं संशयानं बघितलं.

भोसरीला बस बदलून दोघं पिंपरीला उतरली. वाटेत कासारवाडी आली तेव्हा तिनं डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

रणजीतच्या दुकानात पाय ठेवला आणि कुशाबाईला कळलं, की इथं संशय घेणारे आपण दोघंच नाही. रणजीत हात बांधून उभा होता. "या काका. काकू, तुम्हीच बघा आता. काका चांगला माल न्यायलेत आणि खराब म्हणून परत आणायलेत. मला वाटूलालंय, कुठल्या तरी दुकानाचा खराब माल आणून माझ्या गळ्यात मारूलालेत."

"तोंड सांभाळ," आण्णा म्हणाले. "गावात इचार मुरारी स्पीकरवाला कोन हाय."

"गावात कशाला, इथंच विचारतो. काकू, घाला हे कानाला."

कुशाबाईनं जन्मात हेडफोन घातला नव्हता. पदर मागं सारून घातला. आणि सनई उजवीकडून, संबळ डावीकडून असा काही सुरू झाला, की ती दुकानात उभी असल्याचं विसरली. संबळाच्या प्रत्येक ठोक्याला डाव्या कानात गुदगुल्या व्हायला लागल्या.

"दोन्हीकडनं येतंय?" रणजीतनं विचारलं.

तिनं मान हलवली, आणि मग आण्णांच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं राग नव्हता. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे ते उभे होते. एजंट, पट्टी, पेढे सगळं कुठल्या कुठं गेलं.

"घाला बघू तुमी," ती म्हणाली. आणि स्वतःच्या हातानं हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. पण चढवताना मुद्दाम उलटा चढवला; उजवी बाजू डाव्या कानावर, डावी उजव्या. डबी खोटी असेल तर आता मेलेली बाजू उजवीकडं यायला हवी.

"आता?"

आण्णांनी थोडं ऐकलं. "उजवीकडं येतंय. डावी मेलेलीच हाय."

रणजीतचं तोंड उघडलं. त्याला समजलं होतं. तो काही बोलणार तोच कुशाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं ते तसंच मिटलं. तिच्या डोळ्यांपुढं पालथी पाटी आली आणि तिच्यावर ठेवलेला माईक. ज्याला ऐकू येत नाही त्यानं कर्णा लावू नये, हे ह्याच माणसाचं वाक्य. आज परक्या दुकानात, परक्या पोरासमोर ते वाक्य ह्याच्यावर उलटू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं.

"तुजी डबीच खराब हाय," ती रणजीतला ठणकावून म्हणाली. "दुसरी दाव. आन् चांगली दाव. ह्यांना आधी कानात ऐकायचं आसतं, मग कर्ण्यात सोडायचं आसतं. दोन्हीची सोय पायजे."

रणजीतनं काउंटरखालून एक डबी काढली. काळी, चपटी, तळहातावर मावेल अशी. एका अंगाला हेडफोनचं भोक, दुसऱ्या अंगाला यंत्राच्या वायरीचं, आणि मधोमध आवाजाची गोल कळ. नदीवर न्या, रानात न्या, मोबाईलवरच चालते म्हणाला. आण्णांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं, कळ फिरवून पाहिली, वास घेतला.

"वास कशाला घ्यायलाव काका?"

"जळकी वस्तू वासानं कळती."

"काका, फोन द्या जरा," रणजीत म्हणाला. त्यानं आण्णांच्या मोबाईलमध्ये कुठं कुठं जाऊन एक खटका दाबला आणि कुशाबाईकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "काकू, आता दोन्ही बाजू एकात मिसळल्यात. सनई बी, संबळ बी, दोन्ही कानांत सारखंच."

हेडफोन ह्या वेळी आण्णांनी स्वतः घातला. गाणं लागलं. त्यांचा चेहरा आधी आक्रसला, मग सैल झाला, आणि उजव्या हाताची बोटं काउंटरवर संबळाचा ठेका धरू लागली.

"ही खरी," ते म्हणाले. "ही दे बांधून."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. कुशाबाई मनात म्हणत होती, बरं झालं, ह्यांना कळलंच नाही. भोसरीचा पूल गेला. आण्णा पुढं बघत म्हणाले, "कुशे, हेडफोन तू उलटा घातलास."

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"त्याची वायर डाव्या अंगाला आसती. तू घातलास तवा उजव्या खांद्यावर आली. मला काय येडा समजलीस?"

"मग तवाच का न्हाई बोलला?"

"तू इतक्या झोकात खोटं बोलत व्हतीस. मधीच कशाला मोडू?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या डबीच्याच वेळी त्यांना शंका आली होती. डबी खोटी, रणजीत खोटा, प्रज्वल खोटा. इतके सगळे एकदम खोटे कसे? मग एकच उरला, ज्याच्यावर कधी संशय घेतला नव्हता. म्हणून कासारवाडीला उतरून स्टेशनावर बसले. लोकल येताना एकेक कान झाकून पाहिला. उजवा झाकला की भली मोठी गाडी समोरून जात होती आणि नुसती धूळ उडाल्यासारखं वाटत होतं. तरी तिसऱ्यांदा डबी बदलायला गेले. का, ते त्यांनाच सांगता येईना.

"वाटलं, एकादी डबी तरी त्या कानात वाजंल."

"अन् म्या एजंट शोधीत बसले व्हते," कुशाबाई म्हणाली.

"कसला एजंट?"

"काई न्हाई. कानात बोट घालनारा."

आण्णा हसले नाहीत. "तात्यांना म्या काय बोललो व्हतो, तुला ठावं न्हाई."

"मला शबुद न् शबुद ठावं हाय. पातेली घाशीत व्हते म्या."

बस चाकणच्या गर्दीत अडकली. कंपन्यांच्या पिवळ्या-पांढऱ्या बसगाड्या दोन्ही अंगाला. आण्णा म्हणाले, "दादासायबांना सांगून टाकतो. हळद डीजेवाल्यांना द्या म्हनावं."

"द्या की. तात्यांचा एक कान तरी शाबूत हाय का, कुनी इचारलं व्हतं का त्यांना?"

"न्हाई."

"म्या तुमाला इचारते. उजवा शाबूत हाय?"

"हाय."

"मग डाव्या अंगाला म्या बसते. शिट्टी आली, आवाज फाटला, की कोपरानं ढोसते. आधी म्या ऐकनार, मग तुमी, मग गाव. न्हाईतरी जल्मभर ढोसतच आले."

"बाया म्हनतील काय?"

"बाया म्हनतील, बया, आण्णाचं मशीन सांभाळायला आता बायकू लागती. म्हनू दे."

चाकणला उतरल्यावर आण्णा म्हणाले, "बसताना वायरीवर पाय ठिवायचा न्हाई." म्हणजे होकार.

स्वरूपाच्या हळदीला गाव जमलं तेव्हा कर्ण्याखाली आण्णा आणि आण्णांच्या डावीकडं पाटावर कुशाबाई, कानाला हेडफोन, पदर मागं. पोरी फिदीफिदी हसल्या. गिरजाबाई तर जवळ येऊन म्हणाली, "आता माईकवर उखाना बी घे, म्हंजी झालं." आण्णा नेहमीपेक्षा जास्तच संशयी झाले होते. कुशाबाईनं कान दिला की विचारायचे, "खरंच ऐकलंस, का मान हलवलीस?" एकदा माईक कर्ण्यासमोर आला आणि शिट्टी निघायला लागली, ती चढायच्या आत कोपर बरगडीत बसलं होतं आणि आण्णांचा हात कळीवर होता. दादासाहेब खुर्चीत बसून संबळ ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी आण्णांकडं पाहिलं, मग कुशाबाईकडं पाहिलं, आणि मुलाला म्हणाले, "लग्नाच्या दिवशीबी ह्यांनाच सांगा. दोघांना."

कान दाखवून आणला. डॉक्टर म्हणाले, आवाजानं झिजलाय, आता येणार नाही, दुसरा जपा. मग आण्णा बसायची जागा बदलून कर्ण्याच्या पाठीमागं गेले. कुणी विचारलं तर सांगायचे, "डावीकडचं खातं घरात दिलंय." लपवलं नाही. डीजेवाल्या पोरांनी पहिल्यांदा थट्टा केली, पण आण्णांचा आवाज कधी किंचाळला नाही, त्यामुळं थट्टेला खाद्य मिळालं नाही. काळ्या डबीवर मात्र त्यांचा शेवटपर्यंत पुरता विश्वास बसला नाही. प्रत्येक कामाआधी वास घ्यायचे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आण्णा गेले, झोपेतच. आदल्या दिवशी दुपारी ते चाकणला गेले होते, बॅटरीचं पाणी आणायला. दुसऱ्या दिवशी वस्तीवर साखरपुडा होता. त्यांचं हे शेवटचं काम, पण ते काही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांनी ते रोजच्यासारखंच केलं. दुकानदारानं पुढं केलेली पहिली बाटली घेतली नाही, मागची मागितली. ती उलटी धरून दाबून पाहिली. बूच आधी उघडलंय असा आरोप केला, दुकानदार म्हणाला, "आण्णा, दर वेळंला हेच म्हणता." "दर वेळंला तूच देतोस," आण्णा म्हणाले. वडापच्या जीपमध्ये बाटली मांडीवर धरून घरी आले. ओसरीवर बॅटरी ओढली, झाकणं एकेक करून उघडली, डोळे बारीक करून आत पाहिलं, बेतानं पाणी घातलं. कुशाबाईला म्हणाले, "तू बघ, बरुबर झालं का." तिनं वाकून पाहिलं, झालं म्हणाली. तरी त्यांनी स्वतः पुन्हा वाकून पाहिलं. फडक्यानं बॅटरी पुसली. बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. तिचं बूच घट्ट लावलं, ती खिडकीत पोरांच्या हाती लागणार नाही अशी आत सरकवून ठेवली, आणि हात धुवायला मोरीकडं गेले.